आमचे वाडवडील कोठे गेले? ख्रिस्तपुराण आणि तरुणांचे परलोकविषयक प्रश्न



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या कार्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी अधिकाराने सांगितले आहे. त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. मी जन्मभर मराठी शिकविली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या एका जुन्या पोथीसंबंधी बोलणे एवढेच माझ्या हाती आहे. पोथी कॅथलिक पंथाची, सांगणारा इंग्रज, ऐकणारे गोव्याच्या साष्टी प्रांतातील नवख्रिस्ती, आणि व्याख्यानाचे स्थळ छाणी! हा मेळ कसा बसावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. म्हणून आधी छाणीपासूनच प्रारंभ करतो.

आता बडोदे शहरात मिसळून गेलेले हे गाव जैन समाजात दीक्षार्थींचे गाव म्हणून ओळखले जाते. येथील ज्ञानभांडारातील हस्तलिखिते प्राच्यविद्येच्या अभ्यासकांना परिचित आहेत. या गावातील कितीतरी मुलांनी आणि मुलींनी कोवळ्या वयात घर सोडून दीक्षा घेतली. १९३३ साली बडोदे संस्थानाने अज्ञान मुलांच्या संन्यासदीक्षेला प्रतिबंध करणारा कायदा केला, तेव्हा त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ रणे माजली. त्या वादात मी शिरत नाही. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न होता तो मात्र आपण ध्यानात ठेवावा. मेल्यानंतर काय, या विषयाचा निर्णय करण्याचे वय कोणते, आणि मुलाने विचारले तर त्याला उत्तर देण्याचा अधिकार आईबापांचा, गुरूचा, की राजाचा? हा प्रश्न छाणीला नवा नाही. साष्टीतही तो चारशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि तेथे तो मराठी ओवीत उतरला.

पोथीच्या कर्त्याविषयी थोडे सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली जन्मला. मायदेशी कॅथलिक पंथाला थारा नव्हता, म्हणून तो रोमला जाऊन येशूसंघात दाखल झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला. तेथून तो परतला नाही. १६१९ साली गोव्यातच त्याचा अंत झाला. मधली चाळीस वर्षे बहुतांशी साष्टीत गेली. येथील भाषा त्याने इतक्या आस्थेने आत्मसात केल्या की १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने त्यांचे ग्रीक आणि लॅटिन भाषांशी असलेले साम्य नोंदविले. सर विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. १६१६ साली राचोल येथे त्याचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. आदिपुराणाचे ३६ आणि देवपुराणाचे ५९ अवस्वरू, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा निघाले, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जे. एल. सालढाणा यांनी ते छापले. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले, आणि १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. मराठी वाचकांनी तीनशे चाळीस वर्षे आपलाच एक ग्रंथ आपल्या लिपीत छापून वाचला नाही, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

या पुराणाची सुरुवातच एका प्रश्नाने झाली आहे. राचोलच्या देवळात रविवारी मुलांची धर्मशिकवण आटोपली आहे. तेथे बसलेला एक ब्राह्मण उठतो आणि पाद्री गुरूला विचारतो की, आमची मागची पुराणे तुम्ही निषिद्ध केलीत, मग त्यांच्या जागी तसेच दुसरे पुराण आम्हांला का करून देत नाही? मुले घोकतात ते ठीक आहे, पण तेवढ्याने मनाचे समाधान होत नाही, असा त्याचा आशय. या विनंतीतून ग्रंथ निर्माण होतो आणि पुढेही कथा सांगताना श्रोते मधूनमधून शंका काढतात, गुरू त्यांचे निरसन करतो. आपल्या पुराणांतील सूत आणि शौनक, किंवा कीर्तनातील पूर्वरंग आठवावा. विचारणारा प्रौढ आहे हे खरे, परंतु ज्यांची शिकवण नुकतीच संपली ती मुले तेथेच आहेत, हे विसरू नये. घरी जाऊन प्रश्न तीच विचारणार होती.

स्टीफन्सच्या मृत्यूनंतर १६२२ साली त्याची कोकणी भाषेतील धर्मप्रश्नोत्तरी राचोलला छापली गेली. तिचा आधार मार्कुश जॉर्ज या पोर्तुगीज येशूसंघीयाची मुलांसाठी लिहिलेली प्रश्नोत्तरी हा होता. मूळ पुस्तकात गुरू प्रश्न विचारतो आणि शिष्य पाठ केलेले उत्तर देतो. आपल्या शाळांतील तोंडी परीक्षेची रीत तीच. स्टीफन्सने हा क्रम उलटा केला. त्याच्या पुस्तकात शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो. जपानमध्येही १५९० च्या सुमारास छापलेल्या प्रश्नोत्तरीत येशूसंघीयांनी असाच बदल केला होता. गुरू आणि शिष्य यांच्याविषयीची पौर्वात्य कल्पना वेगळी आहे, हे या मंडळींनी ओळखले. वरवर पाहता हा मांडणीतील फरक आहे. पण परीक्षेत उत्तर चुकले तर दोष शिष्याचा असतो. शिष्याने विचारले आणि उत्तर समाधानकारक नसले, तर तो दोष कोणाचा?

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. दहा आज्ञांमध्ये मातापित्यांचा मान राखावा अशी आज्ञा आहे. कॅथलिक गणनेत ती चौथी, प्रॉटेस्टंट गणनेत पाचवी. साष्टीतील मुलगा ती दर रविवारी मोठ्याने म्हणत असे. त्याच बाकावर त्याला हेही शिकविले जाई की स्नानसंस्कारावाचून तारण नाही. ही दोन वाक्ये एकाच मुलाच्या मनात एकत्र आली की तिसरे वाक्य आपोआप तयार होते. माझा आजा मूर्तिपूजक म्हणून मेला, मग मी मान राखावा तो कोणाचा, आणि तो आता आहे कोठे?

हा प्रश्न केवळ तार्किक नव्हता. पोर्तुगालच्या राजाने १५५९ साली काढलेल्या आज्ञेनुसार आईबाप आणि आजेआजी यांपैकी कोणीही हयात नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती धर्मात वाढवावे असे ठरले, आणि पुढे तिचा अर्थ सैल करून केवळ बाप वारलेली मुलेही तीत ओढली गेली. म्हणजे शिकवणीला बसलेल्या काही मुलांना तेथे आणणारी गोष्ट बापाचे मरण हीच होती. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. स्टीफन्सने पुढाकार घेऊन त्यांची प्रेते परत मिळविली. नंतर कुंकळ्ळीच्या गावकरी प्रमुखांना असोळणे येथे ठार मारण्यात आले. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायसभा बसलेली होती. अशा वातावरणात उघडपणे विचारलेली शंका ही धाडसाची गोष्ट होती, आणि स्टीफन्सच्या गोड ओव्या वाचताना त्या कोणत्या राज्यात लिहिल्या गेल्या याचे विस्मरण होऊ देणे योग्य नाही. त्याच्यावर माझे प्रेम आहे, म्हणून तर हे सांगितलेच पाहिजे.

मुलांना आईबापांच्या विरुद्ध उभे करण्याची रीत त्याच्याही आधीची होती. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आला, तो हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यातून मुलांना शिकवणीला बोलावीत फिरे. तमिळ किनाऱ्यावरील कामाविषयी जानेवारी १५४४ मध्ये त्याने लिहिलेल्या पत्रात, मुले आपल्याच आईबापांच्या मूर्तिपूजेची बातमी येऊन सांगतात आणि मूर्ती फोडण्यात पुढे असतात, असे मोठ्या समाधानाने नमूद केले आहे. त्या पत्रात चौथ्या आज्ञेची अडचण त्याला जाणवल्याचे दिसत नाही. आठ वर्षांनी मात्र जपानने त्याला ती जाणवून दिली. जानेवारी १५५२ मधील कोचीनच्या पत्रात तो लिहितो की जपानी ख्रिस्ती आपल्या मृत आईबापांसाठी, बायकामुलांसाठी रडतात. दानधर्माने, प्रार्थनेने त्यांची नरकातून सुटका होणार नाही का, असे विचारतात, आणि नाही असे ऐकल्यावर त्यांच्या दुःखाला पार राहात नाही. आपल्या मित्रांचे ते रडणे पाहून आपल्यालाही दुःख झाले, हे त्याने लपविलेले नाही. उत्तर मात्र त्याने बदलले नाही.

उत्तर बदलण्यास त्या काळच्या परलोकाच्या नकाशात जागाही थोडी होती. शापितांचा नरक, पापक्षालनाचे स्थान, स्नानसंस्कार न होता मेलेल्या अर्भकांचे लिंबो, आणि ख्रिस्तपूर्व काळातील धर्मनिष्ठांचे प्रतीक्षास्थान अशी चार स्थाने सांगितली जात. यांपैकी चौथे, ख्रिस्त मरणानंतर अधोलोकी उतरला तेव्हा रिकामे झाले. साष्टीच्या आजोबांना त्यात शिरण्यास दीड हजार वर्षांचा उशीर झालेला! स्पेनमधील साळमांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने १५३९ साली असा विचार मांडला होता की ज्यांच्या कानावर शुभवर्तमान कधी पडलेच नाही, त्यांच्यावर अविश्वासाचे पाप ठेवता येत नाही. पण विद्यापीठातील हा विचार राचोलच्या मुलांच्या बाकापर्यंत पोहोचणे कठीण होते.

आपण हिंदूंनी या ठिकाणी फार चढून बोलू नये. घरी कोणी वारले की गरुडपुराण लावण्याची चाल आहे. त्यातले नरक काही सौम्य नाहीत. पिंडोदक थांबले की पितर खाली पडतात, ही भीती गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या तोंडी आहे. साष्टीतील माणसावर हीच भीती दुहेरी कोसळली होती. जुन्या शास्त्राप्रमाणे श्राद्ध बंद झाल्यामुळे पितर पडले, आणि नव्या शास्त्राप्रमाणे ते आधीच पडलेले होते.

मग स्टीफन्सने काय केले? त्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर माझ्या मते एका ओवीत शोधू नये, ग्रंथाच्या बांधणीत शोधावे. ख्रिस्ताची कथा सांगावयाची तर ती बेथलेहेमपासून सांगता आली असती. त्याने आधी छत्तीस अवस्वरू आदिपुराणाला दिले. आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे ही सगळी परंपरा सविस्तर सांगितली. ज्यांचे पूर्वज शास्त्राने हिरावून घेतले, त्यांना त्याने दुसरे पूर्वज दिले. आणि ते देताना शब्द मात्र त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांचे ठेवले. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. मुक्ती आणि मोक्ष हे शब्द तसेच वापरले. आता शब्द काही रिकाम्या भांड्यासारखा नसतो. वैकुंठ हा शब्द ज्या श्रोत्याने ऐकला, त्याने तो प्रथम पाद्रीच्या तोंडून ऐकलेला नव्हता, आजोबांच्या तोंडून ऐकलेला होता. नव्या वैकुंठात आजोबांना मज्जाव असेल, पण त्याचे नाव त्यांच्याकडूनच आलेले होते. स्टीफन्सला हे कळत नव्हते, असे भाषेची इतकी जाण असलेल्या माणसाविषयी मला म्हणवत नाही. मोकळेपणाने याहून अधिक त्याला म्हणता आले नसते. हे माझे अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच ते घ्यावे.

लोकांनी आपला मार्ग काढला. धर्मन्यायसभेने १७३६ सालच्या जाहीरनाम्यात जन्म, लग्न आणि मृत्यू यांसंबंधीच्या अनेक जुन्या चालींवर बंदी घातली. त्यावरूनच कळते की पावणेदोनशे वर्षे होऊनही त्या चालत होत्या. गोव्यातील कॅथलिक घरांत लग्नाआधी भिकाऱ्यांना जेवू घालण्याची चाल पुढेही राहिली. हे जेवण घरातील मृतांच्या नावाने असते. पंगतीला बसलेल्या गरिबाच्या रूपाने पितर जेवतात, ही भावना कोणत्या शास्त्रातून आली हे मी आपल्याला सांगावयास नको. मृतांसाठी मिस्सा अर्पण करणे, २ नोव्हेंबरला थडग्यांवर मेणबत्त्या लावणे, या कॅथलिक आचारांनी त्या भावनेला अधिकृत आश्रयही दिला. नरकाला कोकणीत आजही येमकोंड म्हणतात. यम गेला नाही, तोही स्नानसंस्कार घेऊन राहिला.

येथे मला माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी सांगावयाचे आहे. १९७९ साली, स्टीफन्स गोव्यात आल्याला चारशे वर्षे झाली त्या वर्षी, मी ख्रिस्तपुराणातील उतारा वर्गात शिकवीत होतो. नोकरीची पहिलीच काही वर्षे. रूपके, अनुप्रास, ज्ञानेश्वरीची छाया, कोकणी शब्दांची यादी असे सगळे फळ्यावर लिहिले होते. वर्गात एक कॅथलिक मुलगी होती. तिने उठून विचारले, "सर, माझी आजी हिंदूच होती. तिचा स्नानसंस्कार झाला नव्हता. या पुराणाप्रमाणे तिची जागा कोणती?" वर्ग शांत झाला. मी म्हणालो, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, तो चर्चमध्ये विचारावा. ती "बरं सर" म्हणून खाली बसली. पुढे वर्षभर तिने वर्गात काही विचारले नाही.

मला वाटले होते, मी तिच्या धर्माचा आदर राखला. वस्तुस्थिती अशी की मला काही ठाऊक नव्हते. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीचा आपला मूलभूत दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या सोळाव्या परिच्छेदात असे सांगितले आहे की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान कळले नाही, परंतु जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि विवेकबुद्धीने जे कळते त्याप्रमाणे वागण्याचा यत्न करतात, त्यांनाही सार्वकालिक तारण लाभू शकते. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला तिच्याच ख्रिस्तसभेने दिलेले उत्तर त्या दिवशी पंधरा वर्षांचे झालेले होते. ते इंग्रजीत कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळाले असते. मी ते वाचले तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो.

उत्तरे त्यानंतरही हलत राहिली. २८ जुलै १९९९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या जाहीर प्रवचनात सांगितले की नरक म्हणजे एखादे ठिकाण असे समजण्यापेक्षा, देवापासून स्वतःहून आणि कायमचे दूर झालेल्या माणसाची ती अवस्था आहे असे समजावे. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने अर्भकांच्या लिंबोविषयी दस्तऐवज प्रसिद्ध केला. लिंबो हा कधीच बंधनकारक सिद्धांत नव्हता, आणि अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असे त्यात म्हटले आहे. निश्चित ज्ञान आहे असे म्हटलेले नाही, आशा असे म्हटले आहे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. शतकानुशतके ज्या आयांनी कुंपणाबाहेर पुरलेली मुले मनात वागविली, त्यांना हे कळण्यास उशीर झाला एवढेच. २०११ साली तरुणांसाठी जी कॅथलिक धर्मप्रश्नोत्तरी निघाली तीत ५२७ प्रश्न आहेत, आणि मांडणी पुन्हा तीच, प्रश्न आधी.

याचा अर्थ कॅथलिक शिकवण सैल झाली, असा कोणी करून घेऊ नये. स्वेच्छेने केलेले पाप, त्याचा पश्चात्ताप, मरणानंतरचा न्याय ही सूत्रे कायम आहेत. परिषदेचे शब्दही जपून वापरलेले आहेत. लाभू शकते असे म्हटले आहे, लाभतेच असे नाही. ते उत्तर अपुरे आहे असे ज्यांना वाटते, अशांचे तरुणांमध्ये आजही दोन पक्ष आहेत. एकाला ते फार उदार वाटते, दुसऱ्याला फार कंजूष. माझ्या विषयाच्या दृष्टीने इतकेच नोंदवितो की, चारशे वर्षे एका बाजूने मुले तोच प्रश्न विचारीत होती, आणि दुसऱ्या बाजूला उत्तराचे शब्द बदलले. हे केवळ पंडितांच्या वादविवादाने झाले असे मला वाटत नाही. झेवियरसमोर रडणारी जपानी माणसे, राचोलच्या देवळात शंका काढणारे श्रोते, पंगत घालून पितरांना परत बोलावणारी गोव्याची घरे, या सर्वांचा त्यात वाटा आहे.

ख्रिस्तपुराण वाचावयाचे असेल तर द्रागो यांची आवृत्ती घ्यावी, ती नव्या वाचकाला सोयीची आहे. प्रारंभी नुसते आदिपुराणाचे पहिले दोन-तीन अवस्वरू वाचले तरी चालेल. शिक्षकांनी ते वर्गात लावले, तर अलंकारांच्या यादीआधी तो देवळातला प्रसंग मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा.

माझ्या जुन्या टिपणवह्या मी अद्याप ठेवल्या आहेत. १९७९ सालच्या वहीत त्या तासाची तारीख आहे, ओव्यांचे क्रमांक आहेत, फळ्यावर लिहिलेली शब्दांची यादी आहे. त्या मुलीचा प्रश्न मी टिपून ठेवला नव्हता. या व्याख्यानाची तयारी करताना तो समासात लिहिला.